बूच, टोपण आणि अंध चकती : नळमार्गाच्या बंद टोकाचा इतिहास

यंत्रविद्येचा इतिहास बहुधा गतीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. वाफयंत्र, पंप, टर्बाइन, आगगाडी यांना त्यात मानाचे स्थान मिळते. कारण त्यांच्या योगाने काहीतरी घडते. ज्या वस्तूचे प्रयोजनच मुळी काही घडू नये हे आहे, तिच्याकडे इतिहासकाराचे लक्ष सहसा जात नाही. औद्योगिक नळांची टोके बंद करणारी साधने या उपेक्षित वर्गात मोडतात. पाण्याच्या, वाफेच्या, तेलाच्या वा वायूच्या कोणत्याही मोठ्या नळमार्गावर ती शेकड्यांनी आढळतात, आणि तरीही यंत्रविद्येच्या इतिहासग्रंथांत त्यांना क्वचितच एखादे वाक्य लाभते. प्रस्तुत लेखाचा हेतू या साधनांच्या विकासाचा स्थूल आलेख मांडणे आणि त्यांतून निघणाऱ्या एका प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणे हा आहे.

तोंड बंद करण्याच्या क्रियेसाठी मराठीत निरनिराळे शब्द आहेत आणि ते समानार्थी नाहीत. बाटलीला बूच मारतात, डब्याला टोपण लावतात, पडीक विहीर बुजवतात. बूच आत शिरते, टोपण बाहेरून बसते, आणि बुजवण्यात पुन्हा उघडण्याचा विचारच नसतो. औद्योगिक साधनांचे वर्गीकरणही जवळजवळ असेच करता येते. नळाच्या आतील आट्यांत फिरवून बसवायचा प्लग हे बूच होय. बाहेरील आट्यांवर चढवायची कॅप हे टोपण होय. आणि नळाच्या तोंडाला वितळजोडाने कायमची सांधलेली घुमटाकार टोपी ही बुजवण्याच्या क्रियेस जवळची आहे, कारण ती काढावयाची तर नळ कापावाच लागतो. यांखेरीज दोन प्रकार आहेत. नळाच्या टोकाला भोके पाडलेली जी रुंद कडा असते तिला फ्लँज म्हणतात. तिच्यावर बोल्टांनी आवळलेली, मध्ये छिद्र नसलेली भरीव चकती ती अंध चकती, अर्थात ब्लाइंड फ्लँज. दुसरा प्रकार म्हणजे दोन फ्लँजांच्या मध्ये सरकवायचा पातळ पत्रा. हा पत्रा, जेथे टोक नाही तेथे टोक निर्माण करतो. पुढील विवेचनात यालाच विशेष महत्त्व येणार आहे.

या साधनांच्या इतिहासात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला प्रश्न धातूचा : टोक पुरेसे घट्ट बंद झाले आहे काय? दुसरा प्रश्न माणसांचा : ते कोणी बंद केले, कोणाच्या सांगण्यावरून केले, आणि ज्याला त्याची गरज आहे त्याला ते ठाऊक आहे काय? पहिल्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिळाले. दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत त्याच शतकाच्या उत्तरार्धात असंख्य माणसांना प्राण देऊन मोजावी लागली.

१

दुसरा प्रश्न वाटतो तितका आधुनिक नाही. इ. स. ९७ मध्ये सम्राट नेर्वाने रोम नगरीच्या पाणीपुरवठ्याचा अधिकारी म्हणून सेक्स्टस यूलियस फ्रॉन्टिनस याची नियुक्ती केली. त्याने आपल्या खात्याविषयी लिहिलेला ग्रंथ आज उपलब्ध आहे. जलाशयाच्या हौदाला ठरावीक मापाची कांस्याची तोटी बसवून प्रत्येक हक्कदारास पाणी देण्याची रोमन पद्धती होती. पाण्याचा हक्क एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला की हौदाला नवे भोक पाडून नवी तोटी बसवीत. जुने भोक मात्र तसेच ठेवले जाई, आणि पाणीवाटपावरील नोकर त्यातून चोरून पाणी विकीत, अशी फ्रॉन्टिनसची तक्रार आहे.

या तक्रारीचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. ते भोक बुजवण्याची विद्या रोमनांजवळ नव्हती असे मुळीच नाही. शिशाचे व कांस्याचे काम ते उत्तम जाणत होते. उणीव होती ती नोंदीची. जुन्या हक्काचा शेवट झाला, पण त्या शेवटाबरोबर भोकाचाही शेवट झाला पाहिजे हे पाहणारा कोणी नव्हता. नळाचे उघडे राहिलेले तोंड हा कारागिरीचा दोष नसून व्यवस्थेचा दोष असू शकतो, याचा हा एक फार जुना लेखी दाखला होय.

२

युरोपातील मध्ययुगीन व त्यानंतरच्या नगरांत पाण्याचे नळ पुष्कळदा लाकडाचे असत. १६१३ साली सुरू झालेल्या न्यू रिव्हर या कालव्याचे पाणी लंडनमध्ये एल्म वृक्षाच्या पोखरलेल्या ओंडक्यांतून खेळवले जाई. आग लागली की रस्ता खणून नळाला भोक पाडीत, आणि काम झाल्यावर त्यात लाकडी खुंटी ठोकीत. पुढे अशा खुंट्यांची स्थाने आधीच नेमून ठेवण्याची पद्धत पडली. आगीच्या बंबासाठी असलेल्या नळाला इंग्रजी बोलीत अजूनही ‘फायर प्लग’ म्हणतात, ते याच लाकडी बुचाच्या स्मरणाने. येथे बूच केवळ पाणी अडवीत नसे. नळ कोठे उघडता येईल याची ती खूणही असे.

लाकडी नळ जास्त दाब सोसू शकत नसे, म्हणून लाकडी बूचही पुरेसे होई. बिडाच्या नळांनी ही परिस्थिती पालटली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौदाव्या लुईच्या व्हर्साय येथील उद्यानासाठी बिडाचे फ्लँजयुक्त नळ घालण्यात आले. १७८५ साली लंडनच्या चेल्सी वॉटर कंपनीतील अभियंता टॉमस सिम्प्सन याने एका नळाचे टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवण्याचा सांधा प्रचारात आणला. या सांध्यामुळे नळ घालण्याचे काम सोपे व स्वस्त झाले, परंतु नळमार्गाच्या शेवटाचा प्रश्न अधिक बिकट झाला. बोल्टांनी आवळलेली चकती सांध्याला धरून ठेवते. नुसत्या खोवलेल्या सांध्यात बसवलेले टोपण मात्र पाण्याचा दाब बाहेर ढकलू पाहतो.

हा रेटा किती असतो याची कल्पना साध्या गणिताने येते. नळाचा अंतर्व्यास ३० सेंटिमीटर आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला १० किलोग्रॅम धरला, तर टोपणावर सुमारे ७,००० किलोग्रॅम, म्हणजे ७ टनांचा भार पडतो. व्यास दुप्पट झाला की भार चौपट होतो. पुरलेल्या नळाच्या बंद टोकामागे गवंडीकामाचा अथवा काँक्रीटचा ठोकळा बांधण्याची प्रथा याच कारणाने पडली. नळाच्या मध्यभागी पाणी पुढे सरकते. टोकाशी मात्र त्याचा सारा रेटा एका वस्तूवर येऊन थांबतो.

३

वाफेच्या युगात या रेट्याला आकाराच्या साह्याने तोंड देण्यात आले. सपाट चकतीवर दाब आला की ती मध्यभागी फुगू पाहते, आणि वाकण्याचा हा ताण सोसण्यासाठी तिला पुष्कळ जाडी द्यावी लागते. घुमटाकार टोपीत तोच दाब पृष्ठभागाच्या दिशेने ताणाच्या रूपाने वाटला जातो, यास्तव ती नळाच्या भिंतीएवढ्याच जाडीची असली तरी भागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या बाष्पकांना अंड्याच्या आकाराची अर्धगोल टोके देण्यात येत, त्यामागे हाच अनुभव होता. सपाट टोके वापरावयाची तर त्यांना आतून लोखंडी आधार द्यावे लागत. आज अंध चकती नळापेक्षा इतकी जाड का दिसते आणि वितळजोडाची टोपी नेहमी घुमटाकार का असते, याचे उत्तर या काळात आहे.

दुसरे साह्य प्रमाणीकरणाचे झाले. एका कारखान्याचे बूच दुसऱ्याच्या नळाला बसेना, तोवर प्रत्येक बंद टोक हे त्या त्या कारागिराचे खासगी काम होते. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ याने इंग्लंडात आट्यांच्या एकरूपतेचा पुरस्कार केला. नळांच्या निमुळत्या आट्यांची रॉबर्ट ब्रिग्जने बसवलेली मापे १८८६ साली अमेरिकेत सर्वमान्य झाली. निमुळता आटा जितका फिरवावा तितका घट्ट बसतो; म्हणून बूच बसवणाऱ्या हाताच्या कसबावर अवलंबून असलेली गोष्ट बऱ्याच अंशी मापातच आली.

१९०५ साली अमेरिकेतील ब्रॉक्टन येथील बुटांच्या कारखान्यात बाष्पकाचा स्फोट होऊन ५८ माणसे दगावली. त्यानंतर मॅसॅच्युसेट्स राज्याने बाष्पकांविषयी नियम केले आणि अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने १९१४ ची बाष्पक संहिता सिद्ध केली. फ्लँजांची मापे, बोल्टांची संख्या, चकतीची जाडी आणि तापमानाप्रमाणे बदलणारी दाबाची मर्यादा ही सर्व हळूहळू कोष्टकांत बसली. अमेरिकन प्रमाणातील १५० पासून २५०० पर्यंतच्या दाबवर्गांत अंध चकती हा एक रीतसर प्रकार म्हणून नोंदला गेला. भारतात १९४७ साली भारतीय मानक संस्था स्थापन झाली व १९७१ साली पोलादी फ्लँजांचे भारतीय मानक निघाले. धातूच्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने छापील रूपात सर्वांच्या हाती आले. योग्य वर्गाची चकती, योग्य गॅस्केट आणि नेमके आवळलेले बोल्ट एवढे असले की टोक निःसंशय बंद राहते.

४

परंतु याच सुमारास नळमार्गाचेच स्वरूप बदलले होते. पाणीपुरवठ्याच्या नळाला आरंभ असतो आणि शेवट असतो. तेलशुद्धीकरणाच्या व रसायनांच्या कारखान्यांत नळांचे जाळे असते. प्रत्येक पात्र दुसऱ्या पात्राशी कोठून ना कोठून जोडलेले असते. मुंबईजवळ तुर्भे येथे १९५४ व १९५५ साली जे दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, ते या नव्या जातीचे होत. अशा कारखान्यात एखादे पात्र दुरुस्तीसाठी उघडावयाचे किंवा एखाद्या टाकीत माणसाला उतरवावयाचे, तर त्या भागाला उरलेल्या जाळ्यापासून तोडणे अवश्य ठरते.

हे काम झडपेने भागेल असे सकृद्दर्शनी वाटते. तथापि झडप ही उघडण्यासाठी व मिटण्यासाठी केलेली वस्तू आहे. तिच्या बैठकीत कचरा अडकतो, ती झिजते, थोडी थोडी पाझरते. आणि कोणी चुकून चाक फिरवले तर ती उघडते. झडप म्हणजे नियंत्रण, चकती म्हणजे निषेध, असा हा भेद आहे. म्हणून दोन फ्लँजांमध्ये भरीव पत्रा सरकवून मार्ग तोडण्याची पद्धत रूढ झाली. नळ बसवताना त्याची चाचणीही याच रीतीने घेतात : दोन्ही टोकांना चकत्या लावून आत पाणी भरतात व नेमलेल्या मर्यादेपर्यंत दाब चढवतात.

या पत्र्याच्या घडणीत झालेला एक बदल इतिहासदृष्ट्या बोलका आहे. साधा गोल पत्रा दोन फ्लँजांमध्ये गेला की बाहेरून दिसत नाही. म्हणून त्याला बाहेर डोकावणारी मूठ देण्यात आली. पुढे एकाच पट्टीच्या दोन टोकांना एक भरीव चकती आणि एक कडे अशी जोडी बनवण्यात आली. चष्म्यासारख्या दिसणाऱ्या या वस्तूचा एक भाग नळात असतो आणि दुसरा बाहेर लटकतो. बाहेर कडे दिसले तर मार्ग बंद, भरीव चकती दिसली तर मार्ग खुला, हे दुरूनही कळते. या बदलाने धातूच्या बळात काहीच भर पडली नाही. भर पडली ती चकतीच्या सांगण्याच्या शक्तीत. बंद टोकाने केवळ बंद असून भागत नाही, ते बंद असल्याचे दिसलेही पाहिजे, ही जाणीव येथे धातूत उतरली आहे.

५

ही जाणीव सर्वत्र पोचली नव्हती, हे १९८० नंतरच्या दशकातील तीन दुर्घटनांनी दाखवून दिले.

पहिली भोपाळची. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइड इंडिया कंपनीच्या कारखान्यात सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट साठवलेल्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, आणि त्यातून उसळलेल्या विषारी वायूने हजारो माणसांचे प्राण घेतले. त्या संध्याकाळी कारखान्यातील काही नळ पाण्याने धुण्याचे काम चालले होते. असे धुण्यापूर्वी नळमार्गात चकती सरकवावी ही रीत घालून दिलेली होती. त्या दिवशी ती सरकवली गेली नव्हती. धुण्याचे काम एका विभागाचे आणि चकती घालण्याचे काम देखभाल विभागाचे, अशी कामाची वाटणी होती. त्या पाळीतील देखभाल पर्यवेक्षकाचे पद कमी करण्यात आले होते, असेही नंतरच्या वृत्तांतांत नमूद आहे.

पाणी नेमके कोणत्या वाटेने आले याविषयी वाद आहे. धुण्याचे पाणी पाझरणाऱ्या झडपांतून व एकमेकांस जोडलेल्या नळांतून टाकीपर्यंत पोचले असे एक मत आहे. कंपनीने ते मान्य केले नाही; कोणीतरी हेतुपुरस्सर टाकीवरील दाबमापक काढून त्या तोंडातून पाणी सोडले, अशी तिची भूमिका राहिली. वादाचा निर्णय येथे करावयाचा नाही. एवढेच नोंदवावयाचे की दोन्ही उपपत्ती अखेरीस नळाच्या एका उघड्या तोंडापाशी येऊन थांबतात. एकीत चकतीची जागा रिकामी आहे, दुसरीत मापकाची. शिवाय चकतीच्या अभावाविषयी मुळीच वाद नाही. एक पत्रा आणि थोड्या वेळाचे काम एवढीच त्या चकतीची किंमत होती.

दुसरी दुर्घटना उत्तर समुद्रातील पायपर आल्फा या तेलमंचावरची. ६ जुलै १९८८ रोजी तेथील द्रव-वायूच्या दोन पंपांपैकी ‘अ’ पंपाच्या मार्गावरील सुरक्षा झडप तपासणीसाठी काढण्यात आली होती आणि तिच्या जागी अंध चकती बसवली होती. काम त्या दिवशी पुरे झाले नाही. झडपेच्या कामाचा परवाना वेगळा होता व पंपाच्या देखभालीचा वेगळा. रात्री पावणेदहाच्या सुमारास ‘ब’ पंप बंद पडला. रात्रपाळीच्या लोकांच्या हाती फक्त पंपाचा परवाना आला आणि त्यावरील काम सुरूच झालेले नसल्याने ‘अ’ पंप वापरण्यास हरकत नाही असे त्यांना वाटले. झडप जागेवर नाही हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ती जागा पंपापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीच्या टप्प्यात नव्हती. पंप सुरू करण्यात आला. चकती वायू रोखण्याइतकी घट्ट नव्हती. रात्री दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि १६७ माणसे मृत्युमुखी पडली.

लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला; त्यात १०६ शिफारशी होत्या. त्यांतील मोठा भाग परवान्यांची पद्धत, पाळी बदलताना द्यावयाची माहिती आणि धोक्याचे पूर्वविवेचन यांविषयी होता, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. भोपाळ येथे चकती नव्हती. पायपर आल्फावर ती होती. परंतु ती बसवणाऱ्याच्या दृष्टीने तात्पुरते झाकण होती आणि पंप चालवणाऱ्याच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नव्हती. उघडा नळ झाकण्यासाठी बसवलेली चकती आणि दाब सोसण्यासाठी बसवलेली चकती या दिसायला एकच असतात. त्यांतील फरक बोल्ट किती आवळले आहेत यात असतो, आणि ते बसवणाऱ्याखेरीज कोणालाच कळत नाही.

तिसरी दुर्घटना अमेरिकेतील टेक्सस राज्यातील पॅसाडीना येथील. २३ ऑक्टोबर १९८९ रोजी फिलिप्स कंपनीच्या पॉलिएथिलीन कारखान्यात साफसफाईसाठी उघडलेल्या भागातून वायू बाहेर पडून स्फोट झाला व २३ माणसे मरण पावली. उघडलेला भाग आणि चालू यंत्रणा यांच्यामध्ये एकच झडप होती, आणि ती चालवणाऱ्या हवेच्या नळ्या उलट जोडल्या गेल्या होत्या. दुसरी झडप अथवा अंध चकती यांचे दुहेरी संरक्षण असावे असा कंपनीचा स्वतःचा नियम होता. कारखान्यातील प्रत्यक्ष रीत मात्र निराळी पडली होती.

६

या घटनांनंतर नियमांची भाषा बदललेली दिसते. भारतात १९८७ साली कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. ब्रिटनमध्ये समुद्रातील तेलमंचांच्या सुरक्षिततेची देखरेख १९९१ साली नव्या खात्याकडे गेली. अमेरिकेत १९९३ च्या बंदिस्त जागांविषयीच्या नियमात चकतीने नळ बंद करण्याची व्याख्याच देण्यात आली : नळाचे संपूर्ण छिद्र झाकणारा, आतील महत्तम दाब गळतीवाचून सोसणारा भरीव पत्रा बसवून केलेला निरपवाद बंदोबस्त. कारखान्यांतूनही चकत्यांची यादी ठेवणे, प्रत्येकीला क्रमांक देणे, ती बसवणाऱ्याने व काढणाऱ्याने सही करणे आणि सर्व चकत्या परत आल्याखेरीज यंत्रणा सुरू न करणे, या रीतींना महत्त्व आले. चष्म्याच्या आकाराने जे काम धातूत केले, तेच ही यादी कागदावर करते.

येथवरच्या विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. नळाचे बंद टोक हा पदार्थ व नोंद यांचा संयोग आहे. यांतील एक घटक निसटला की दुसरा निरुपयोगी होतो. उत्तम पोलादाची चकती अज्ञात राहिली तर ती संरक्षण देत नाही, आणि उत्तम पुस्तिकेतील नियम चकतीवाचून कोणालाही वाचवीत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाने पदार्थाची बाजू सिद्ध केली, आणि ती इतकी यशस्वी झाली की नोंदीची बाजूही आपोआप सिद्ध झाली असा समज पसरला. फ्रॉन्टिनसला ज्या उणिवेने सतावले, ती त्यामुळे एकोणीस शतकांनंतर कितीतरी भयंकर रूपात पुन्हा उभी राहिली. त्याच्या हौदातून फक्त पाणी चोरीला जात होते.

औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासकास यातून साधनांविषयीही एक सूचना मिळते. यंत्रांचे आराखडे आणि कंपन्यांचे वार्षिक अहवाल यांवरून कारखाना कसा चालावयाचा होता हे कळते. तो प्रत्यक्षात कसा चालत होता हे कामाचे परवाने, पाळीच्या वह्या, देखभालीच्या नोंदी आणि चकत्यांच्या याद्या यांवरून कळते. हे कागद काम संपले की रद्दीत जातात. एखादी दुर्घटना घडून चौकशी झाली तरच ते जपले जातात. परिणामी बंद टोकांचा जो इतिहास आज लिहिता येतो, तो मुख्यतः ज्या ठिकाणी ती बंद राहिली नाहीत त्या ठिकाणांचा आहे. ज्या असंख्य पाळ्यांत कोणा जोडाऱ्याने चकती सरकवली, बोल्ट नीट आवळले, वहीत सही केली आणि टाकीत उतरलेला माणूस सुखरूप वर आला, त्या पाळ्यांचे दप्तर अद्याप कोणी मिळवलेले नाही. आपल्याकडील गिरण्या, गोदी, तेलशुद्धीकरण व रसायनांचे कारखाने यांच्या जुन्या वह्या जोवर सापडण्याजोग्या आहेत, तोवर हे काम हाती घेणे अगत्याचे आहे.